पोटावरची तुरीची डाळ

"अवो, हडंबा बंद करा ना!" रात्री अडीचला बायकोनं हलवलं. एवढ्या रात्री मळणीयंत्र लावून सोयाबीन कोण काढून राहिलं, म्हणून मी कान देऊन ऐकलं. हडंबा मीच होतो.

तोंड वासून झोपायचो. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली, घशाचं लाकूड झालेलं. यवतमाळकडच्या उन्हाळ्यात घसा सगळ्यांचाच कोरडा पडतो, म्हणून कधी मनावर घेतलं नाही. पण हा तर ऑक्टोबर होता.

उपकेंद्रात बीपी दाखवायला गेलो. सिस्टर घड्याळाकडे पाहत गुपचूप माझे श्वास मोजत होत्या. मिनिटाला 22. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे 12 ते 20 असतात. "भाऊ, तुमचे खांदे वर जातात, पोट हालतच नाही. आणि घोरताना श्वास मधेच थांबतो का, वहिनींना विचारा. थांबत असेल तर डॉक्टरला दाखवा." थांबत नव्हता, घोरणं मात्र अखंड, अशी साक्ष मिळाली.

घरी येऊन ओसरीत बसलो आणि छाती फुगवून भराभर श्वास ओढले. पाच मिनिटांत बोटांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि घेरी येते, हे सिस्टरनी नंतर सांगितलं. युरियाचं तरी काय वेगळं? जास्त टाकला की पऱ्हाटी माजते, बोंड धरत नाही.

मग त्यांनीच सांगितलेला उपाय धरला. खाटेवर उताणं पडायचं, पोटावर किलोभर डाळीची पिशवी. नाकानं श्वास घेतला की पिशवी वर यावी, छाती फार हलू नये. तीन दिवस पिशवी ढिम्म. मी जोर लावायचो आणि छातीच फुगायची, पोरगी तोंडाला ओढणी लावून हसायची. चौथ्या दिवशी घेण्याचा नाद सोडला आणि फक्त सावकाश सोडत राहिलो, पार पोट खपाटीला जाईपर्यंत. पुढचा श्वास आपसूक खाली उतरला आणि पिशवी बोटभर उचलली! चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा. रोज दहा मिनिटं, दम कोंडायचा नाही.

शेताची वाट तोंड मिटून चालायला लागलो. नाक धूळ अडवतं, हवा ओलसर करतं. मळणीच्या दिवसांत मात्र नुसत्या नाकाच्या भरवशावर राहत नाही, मास्क लावतो. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेनंतर थोडी भ्रामरी, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणणं. स्वीडनच्या संशोधकांनी 2002 मध्ये मोजलं होतं : गुणगुणताना नाकातून येणारा नायट्रिक ऑक्साइड साध्या उच्छ्वासापेक्षा 15 पट वाढतो. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो. त्यानं माझं घोरणं कमी झालं, असं मी म्हणणार नाही. ते कुशीवर झोपायला लागल्यावर कमी झालं.

एक दिवस लाज वाटली. मी खाटेवर श्वास मोजत पडलेलो आणि बायको न्हाणीजवळ पऱ्हाट्या पेटवून पाणी तापवत खोकत होती. चूल त्याच आठवड्यात उघड्या अंगणात हलवली.

महिन्याभरानं सिस्टरनी पुन्हा मोजले, न सांगताच. 15. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं की तोंड अजून उघडतंच.

पिशवी मात्र हलकी होत चालली आहे. घरातली डाळ संपली की बायको वरणापुरती त्यातूनच काढते.