निर्लेखनाची सही

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात भांडार शाखेचे काम मी काही वर्षे पाहिले. नवी वस्तू घेण्यापेक्षा जुनी वस्तू नोंदवहीतून काढून टाकण्याचे, म्हणजे तिच्या निर्लेखनाचे, प्रकरण कितीतरी जास्त रेंगाळते, हे तिथे जवळून बघायला मिळाले. बाहेरच्या माणसाला वाटते की नियमच किचकट असणार. प्रत्यक्षात नियम थोडे आहेत, आणि त्यांचा एकूण कल वस्तू लवकर निकालात निघावी याच बाजूचा आहे.

केंद्रीय कार्यालयांना २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू आहेत आणि त्यांतील नियम २१७ ते २२३ या विषयाचे आहेत. विभागाला ज्या वस्तूचा उपयोग उरला नाही ती अतिरिक्त, कालबाह्य किंवा निरुपयोगी म्हणून घोषित करता येते. व्यवहारात याचा अर्थ साधारण असा लावला जातो की, धड असून गरजेपेक्षा जास्त झालेली वस्तू अतिरिक्त, चालू असूनही जिचे कामच मागे पडले ती कालबाह्य, आणि जिची दुरुस्ती शक्य नाही किंवा परवडत नाही ती निरुपयोगी. घोषणेचे कारण लेखी नोंदवावे लागते. ते नोंदवायचे त्या वस्तूच्या खरेदीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने. हवे तर त्याला त्यासाठी समिती नेमता येते.

आमच्या समितीपुढे एकदा देवनागरी टंकलेखन यंत्र आले. त्याच्या बाजूवर पांढऱ्या ऑइलपेंटने जडवस्तू नोंदवहीतला, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंच्या वहीतला, क्रमांक रंगवलेला होता, कळा सगळ्या चालत होत्या, फक्त फीत बाजारात मिळेनाशी झाली होती. एका सदस्याने शेऱ्यात ‘निरुपयोगी’ लिहायला घेतले, तेव्हा लेखा शाखेच्या जुन्या साहेबांनी त्यांचा हात थांबवला. वस्तू निष्काळजीपणाने किंवा लबाडीने निरुपयोगी झाली असेल, तर संबंधित कर्मचाऱ्यावर जबाबदारी निश्चित करावी असे नियमच सांगतो. त्यामुळे ‘निरुपयोगी’ म्हटले की कशामुळे, हा प्रश्न पाठोपाठ येतो. ‘कालबाह्य’मध्ये दोष काळाचा असतो आणि काळाला कारणे दाखवा नोटीस काढता येत नाही. आमच्या याद्यांमधले जवळजवळ प्रत्येक संगणक आणि प्रिंटर कालबाह्यच का असत, हे मला त्या दिवशी उमगले.

वर्ग ठरला की नमुना क्रमांक १० भरायचा. त्यात वस्तूचा तपशील, संख्या किंवा वजन, पुस्तकी किंमत (घसारा, म्हणजे वर्षागणिक होणारी किमतीतली घट, वजा जाता उरलेली), खरेदीचे वर्ष, सध्याची स्थिती आणि विल्हेवाटीचा प्रकार लिहावा लागतो. पुस्तकी किंमत काढता येत नसेल तर मूळ खरेदी किंमत धरण्याची मुभा आहे, आणि ही मुभा मोठी उपयोगी पडते, कारण तीस वर्षांपूर्वीच्या लाकडी कपाटाचा घसारा कोणी मांडून ठेवलेला नसतो. याशिवाय राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली माल विकायचा नाही ती किंमत, काढायची असते. अंदाजित अवशिष्ट मूल्य, म्हणजे जुन्या मालात अजून उरलेली किंमत, दोन लाख रुपयांच्या वर असेल तर जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव करावाच लागतो. त्याखाली असेल तर पद्धत सक्षम अधिकारी ठरवतो. तसे ठरवताना माल साचू नये, जागा अडू नये आणि किंमत घसरू नये हे ध्यानात घ्यावे, असे नियमात स्पष्ट म्हटले आहे. मुदत संपलेली औषधे, खराब धान्य यांसारखा घातक माल तर ताबडतोब नष्ट करायचा असतो.

लिलाव ‘जसे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर होतो, म्हणजे माल आहे त्या स्थितीत आणि आहे त्या जागेवरून घ्यायचा. यशस्वी बोलीदाराकडून बोलीच्या किमान २५ टक्के रक्कम जागेवरच घ्यायची, आणि उरलेली भरल्याशिवाय माल हलू द्यायचा नाही. भंगारवाले आमच्यापेक्षा कितीतरी हुशार असतात. ते खुर्च्यांकडे पाहतही नाहीत. वातानुकूलन यंत्रातला तांब्याचा भाग शाबूत आहे का, एवढे वाकून बघतात आणि त्यावरून सगळ्या ढिगाची बोली लावतात. म्हणूनच मालाचे गट पाडताना डोके चालवावे लागते. निविदा किंवा लिलाव करूनही माल विकला गेला नाही, तर वित्त शाखेच्या सल्ल्याने भंगाराच्या भावात द्यायचा, आणि तेही जमले नाही तर पर्यावरणाला धक्का न लावता नष्ट करायचा, इथवर वाट नियमांनी आखून दिलेली आहे.

मग अडते कुठे? माझ्या मते, सहीपाशी. वस्तू ठेवून घेणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. दरवर्षीच्या प्रत्यक्ष पडताळणीत ती जागेवर आढळते, नोंदवही जुळते, लेखापरीक्षक पुढे जातात. काढून टाकणाऱ्याला मात्र राखीव किंमत कशावरून ठरवली, बोली दोनच का आल्या, दोन लाखांच्या मर्यादेत बसावे म्हणून मालाचे तुकडे पाडले का, अशा प्रश्नांना बदलीनंतरही उत्तरे द्यावी लागतात. यांतला शेवटचा प्रश्न रास्तही असतो, कारण तसे तुकडे पाडले जातात. पण ठेवून दिल्यामुळे पाच वर्षांत घसरलेल्या किमतीचा हिशेब कोणत्याच रकान्यात येत नसल्याने, गप्प बसणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

राज्यात नियम वेगळे असले तरी अनुभव फारसा निराळा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची मोडकळीला आलेली खोली पाडायची तरी आधी तिचे निर्लेखन मंजूर व्हावे लागते. अभियंत्याचा अहवाल, मूल्यांकन, कौले आणि लाकूडफाट्याचा लिलाव हे सारे होईपर्यंत मुलांना तिच्या भिंतीपासून लांब ठेवणे ही मुख्याध्यापकांची रोजची डोकेदुखी होऊन बसते.

केंद्रात २०२१ पासून दर ऑक्टोबरमध्ये प्रलंबित प्रकरणे आणि भंगार निकाली काढण्याची विशेष मोहीम चालते, आणि तिने बऱ्याच खोल्या खरोखर मोकळ्या केल्या. वरूनच आदेश आल्यामुळे सही करणाऱ्याला आधार मिळाला, हे तिचे खरे यश मी मानतो. वाहनांच्या बाबतीत सरकार याच्याही पुढे गेले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच द्यावी लागतात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने तेवढी वगळली आहेत. गाडी अजून चालते की नाही, यावर समितीत खल करण्याचे कारणच त्यामुळे उरले नाही. संगणक, प्रिंटर आणि वातानुकूलन यंत्रांनाही अशी वयोमर्यादा घालून द्यावी आणि ती उलटल्यावर वस्तू का काढली याऐवजी का ठेवली याचे कारण नोंदवायला लावावे, असे मला वाटते. लाकडी सामानाचा निर्णय मात्र समितीकडेच राहावा, कारण जुन्या सागवानी टेबलाला पॉलिश केले की ते आजच्या प्लायवूडच्या टेबलापेक्षा जास्त टिकते.