टोबी, अँड्र्यू की टॉम?

ओळखीत कुणाला कळलं की ही बाई कॉमिक्स वाचते, गेम खेळते आणि सुपरहिरोंचे सिनेमे पहिल्याच आठवड्यात गाठते, की पुढचा प्रश्न ठरलेला: टोबी, अँड्र्यू की टॉम? म्हणजे टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफील्ड आणि टॉम हॉलंड या पडद्यावरच्या तीन नटांपैकी खरा स्पायडरमॅन कुठला? भाच्याची अख्खी गँग विचारते, ऑफिसात डबे उघडले की कुणीतरी विचारतं. घाईत असले की मी ‘टोबी’ म्हणते आणि विषय मिटतो. पण तुम्ही कारणासकट विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

माझा स्पायडरमॅन या तिघांच्याही कितीतरी आधीचा आहे. ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ हे कॉमिक, अंक ३३, फेब्रुवारी १९६६. त्या अंकाच्या सुरुवातीच्या पानांत जे घडतं ते ज्या सिनेमाला, ज्या गेमला उमगलं, तो माझ्यासाठी खरा. बाकीचे कितीही देखणे असोत, माझं मन त्यांनी भरत नाही.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात अशी. पीटर पार्करची, म्हणजे मुखवट्यामागच्या मुलाची, मे काकू हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजतेय. आजाराला कारण पीटरच. पूर्वी एकदा तिला रक्ताची गरज पडली तेव्हा त्यानंच दिलं होतं, आणि किरणोत्सारी कोळी चावलेल्या त्या रक्तानं आता तिचा जीव धोक्यात आलाय. तिला वाचवू शकेल असं एकच औषध आहे आणि ते डॉक्टर ऑक्टोपस या खलनायकाच्या माणसांनी पळवलंय. पीटर त्यांच्या पाण्याखालच्या अड्ड्यात घुसतो, झुंज होते, आणि एक अवाढव्य यंत्र त्याच्या अंगावर कोसळतं. अंक ३२ तिथे संपतो.

अंक ३३ उघडावा तर तो अजून त्या यंत्राखालीच. औषध समोर जमिनीवर पडलंय, पण हात पोचत नाही. वरचं छत गळतंय आणि पाणी वाढत चाललंय. आता त्या जागी खलनायक नाही, टाळ्या वाजवणारं कुणी नाही, त्याला बघणारंसुद्धा कुणी नाही. चित्रकार स्टीव्ह डिटकोनं ही पानं काढताना सगळी ताकद चौकटींच्या आकारात ओतली आहे. आधी लहान, दाटीवाटीच्या चौकटी, त्यात आवळलेला देह, वाकलेली मान. बेनकाका आणि मे काकूचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे येतात. काकाच्या वेळी आपण कमी पडलो, आता पुन्हा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. यंत्र जरा हलतं, पुन्हा दाबतं. मग चौकटी हळूहळू मोठ्या होतात आणि पान उलटलं की संपूर्ण पानभर एकच चित्र: यंत्र वर उचललं गेलंय आणि तो त्याच्याखालून उभा राहिलाय. मी ते पान किती वेळा पाहिलं असेल, तरी पान उलटताना श्वास अडकतोच.

काका गेले त्याची हकीकत १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ अंक १५ मधली. पळणाऱ्या चोराला पीटर अडवत नाही, तो चोर पुढे बेनकाकाचा जीव घेतो. मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य त्या अंकात काकाच्या तोंडी नाहीच, शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कुणी वडीलधाऱ्यानं उपदेश केला म्हणून तो सुधारत नाही; काका गेल्यावर त्याचं त्याला कळतं. अंक ३३ म्हणजे त्या कळण्याची परीक्षा. त्यात तो जगाला वाचवत नाहीये. घरच्या माणसाचं औषध घेऊन हॉस्पिटलात वेळेवर पोचायचंय, एवढंच त्याचं काम. हे ओझं न्यू यॉर्कमधलं असलं तरी पुण्या-मुंबईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

डिटकोबद्दल एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्टॅन लीचं नाव लहान मुलांनाही ठाऊक असतं, पण या काळात कथानक डिटकोच रचत होता, ली संवाद लिहीत असे. अंक ३८ करून १९६६ मध्येच डिटको हे मासिक सोडून गेला. स्पायडरमॅन आवडतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्याचं नाव माहीत असायला हवं.

आता तुमच्या तिघांकडे येते.

टॉमच्या ‘होमकमिंग’मध्ये (२०१७) हाच प्रसंग घेतलाय. गोदाम अंगावर पडतं, पोरगा आधी घाबरून मदतीसाठी ओरडतो, मग समोरच्या पाण्यात अर्धा मुखवटा, अर्धा स्वतःचा चेहरा दिसतो आणि तो स्वतःलाच धीर देत ढिगारा उचलतो. टॉमनं हे इतकं मनापासून केलंय की पोटात तुटतं. पण ढिगाऱ्यापलीकडे काय आहे? व्हल्चर या खलनायकाला पकडायचंय आणि टोनी स्टार्कला, म्हणजे अब्जाधीश आयर्नमॅनला, दाखवून द्यायचंय की मी लायक आहे. ओझं तेवढं घेतलं, औषध राहून गेलं. ज्याला अब्जाधीशानं सूट शिवून दिला होता त्या मुलाची काळजी मला वाटते, पण ती वेगळ्या जातीची. ही उणीव त्याच मालिकेनं २०२१ मध्ये भरून काढली. ‘नो वे होम’च्या शेवटी सगळं जग त्याला विसरलेलं, काकू गेलेली, भाड्याची एक लहानशी खोली, आणि अंगावर स्वतः शिवलेला सूट. त्या शेवटच्या काही मिनिटांतला टॉम मला पूर्ण मान्य आहे.

अँड्र्यूवर अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे. त्याच्या वाट्याला आलेली पटकथा कच्ची, पण बोलण्यातली मिश्किली आणि अंगातली चपळाई कॉमिकच्या सगळ्यात जवळची त्याचीच. १९७३ च्या अंक १२१ मध्ये पडणाऱ्या ग्वेनला, आपल्या प्रेयसीला, पीटर जाळ्यानं झेलतो आणि तरी ती वाचत नाही. तो धक्का २०१४ च्या सिनेमात त्यानं पेलला. ‘नो वे होम’मध्ये तिघेही स्पायडरमॅन एकत्र येतात; त्यात टॉमच्या पीटरची प्रेयसी एमजे पडते आणि अँड्र्यू तिला झेलतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी अख्खा सिनेमा पुन्हा बघावा.

तरी घाईत मी टोबी म्हणते, ते ‘स्पायडरमॅन २’ मुळे. २००४ चा, सॅम रेमीचा. लोक त्यातला सुसाट ट्रेन थांबवण्याचा प्रसंग आठवतात आणि तो आहेच तसा. मला मात्र स्वयंपाकघरातला प्रसंग जास्त छळतो. पीटरचा वाढदिवस. काकूच्या घरावर जप्तीचं सावट. तरी ती त्याच्या हातात वीस डॉलर ठेवते. तो नको म्हणतो, आणि ती एकदम ओरडते, घे म्हणते, मग रडू लागते. एवढुशी रक्कम, पण आपण अजून या मुलाला काही देऊ शकतो हा तिचा शेवटचा मान त्यात आहे. आपल्याकडे आत्या-मावश्या निघताना हातात नोट कोंबतात, ती नाकारताना काय होतं ते आठवा. पिझ्झा उशिरा पोचला म्हणून नोकरी जाते, कॉलेजात गैरहजेरी लागते, भाडं थकतं. भाड्यासाठी मागे लागणाऱ्या घरमालकाचं नाव डिटकोविच ठेवलंय, तो नमस्कार कुणासाठी आहे हे तुम्हाला आता कळलं असेल. या सिनेमाला पक्कं ठाऊक आहे की पीटरची प्रत्येक चांगली कृती त्याच्या खिशातून, झोपेतून, नात्यांतून वसूल होते.

पण तुम्ही सिनेमापुरतंच विचारलंत, आणि अंक ३३ ला तोडीस तोड उत्तर सिनेमानं दिलेलंच नाही. ते दिलंय एका गेमनं.

इन्सॉम्नियाक स्टुडिओचा ‘मार्व्हल्स स्पायडरमॅन’, २०१८, प्लेस्टेशन ४. गेम म्हटलं की मोठी माणसं नजर वळवतात, पोरांचा टाइमपास म्हणतात. त्यांना मी आधी कंट्रोलर हातात देते. उजवं ट्रिगर दाबून ठेवलं की जाळं समोरच्या इमारतीला चिकटतं, झोका सुरू होतो. झोक्याच्या तळाशी सोडलं तर पुढे फेकले जाता, वर येताना सोडलं तर उंच. जाळं चिकटायला खरोखर इमारत लागते, म्हणून सेंट्रल पार्कवर आलं की झाडांचा आधार शोधत जावं लागतं. थोड्याच वेळात बोटं विचार करायचं सोडून देतात. बसल्या जागी शरीराला हलकं वाटायला लावणारं दुसरं माध्यम मला माहीत नाही.

यातला पीटर तेवीस वर्षांचा. भाडं न भरल्यामुळे खोलीतून बाहेर काढलेला. ऑटो ऑक्टेव्हियसच्या, म्हणजे पुढे डॉक्टर ऑक्टोपस होणाऱ्या माणसाच्या, प्रयोगशाळेत काम करतो, त्याला गुरू मानतो. मे काकू बेघरांच्या आश्रयगृहात राबते. शेवटाकडे शहरात एक जीवघेणा आजार पसरतो, त्यात काकूही सापडते. गुरूच शत्रू निघतो, त्याच्याशी लढून पीटर औषध मिळवतो. औषध एकाच माणसापुरतं आहे. काकूला दिलं तर ती वाचेल, पण त्याच्यावरून सगळ्यांसाठी औषध तयार करता येणार नाही. तिकडे शहर तडफडतंय.

१९६६ मध्ये औषध हाताच्या पल्ल्याबाहेर होतं आणि सगळी झुंज ते गाठण्याची होती. इथे ते त्याच्या मुठीत आहे, काकू समोर पलंगावर आहे, मध्ये कुठलंही यंत्र नाही. आणि तो ते तिला देत नाही. काकू त्याला मुखवटा काढायला सांगते, माझ्या पुतण्याला बघायचंय म्हणते. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. तासन्‌तास तुमच्या बोटांनी हलणारा हा मुलगा या प्रसंगात तुमचं काही ऐकत नाही. निवडीचं बटण गेमनं दिलेलंच नाही. इतर गेममध्ये असा निर्णय खेळणाऱ्यावर सोपवतात आणि आपण दोन्ही शेवट बघून मोकळे होतो. इथे पीटर पार्कर काय करेल याला एकच उत्तर आहे, हे लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. अंक ३३ मधल्या मुलाचं वय वाढलं की तो इथवरच येणार.

माइल्स मोरालेस या दुसऱ्या, नव्या स्पायडरमॅनला विसरले असं समजू नका. २०११ मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी आणलेला हा मुलगा ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’ या अ‍ॅनिमेशनपटात (२०१८) अवतरला. तिथे सुरुवातीला त्याची हालचाल सेकंदाला बारा चित्रांची ठेवली आणि अनुभवी पीटरची चोवीसची. पोरगा अडखळतोय हे संवादाशिवाय डोळ्यांना कळतं. रेखाटनातून गोष्ट सांगण्यात डिटकोनंतर मला इतका आनंद कुणी दिलेला नाही.

आणि पवित्र प्रभाकर. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांचा २००४ चा भारतीय स्पायडरमॅन, धोतर नेसलेला, खेड्यातून मुंबईत आलेला. २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ सिनेमातलं त्याचं मुंबॅटन, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं काल्पनिक शहर, रंगांनी न्हालेलं आहे, मी थिएटरात हरखून गेले होते. पण तिथे पवित्रला सगळं सोपं जातं, आणि ते मला खुपतं. मुंबईत नवा आलेला मुलगा म्हणजे डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, विरारची गर्दी. पीटर पार्करचं दुःख ज्या शहराला सगळ्यात चांगलं कळेल, त्या शहराच्या स्पायडरमॅनला भाड्याची चिंता नसावी? त्याच्यावर कुणीतरी पूर्ण सिनेमा करावा, आणि तो मराठीतही यावा, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

घरातल्या मुलांना काय द्यायचं, हेही बरेच जण विचारतात. दहाबारा वर्षांच्या मुलाला आधी २००४ चा सिनेमा दाखवा. मग अंक ३१ ते ३३ सलग वाचायला द्या, एकटा ३३ नको, नाहीतर यंत्राचं वजन कळणार नाही. गेम जरा मोठं झाल्यावर. आणि तो शेवटाला आला की तुम्हीही शेजारी बसा, कारण त्यानंतर त्याला बोलायचं असेल.