शांत स्वभावाचा टॅरंट्युला निवडताना

टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळण्याची इच्छा असलेले बहुतेक जण पहिल्यांदा 'न चावणारी जात कोणती?' असे विचारतात. टिळकनगरला राहणाऱ्या माझ्या भाचीनेही गेल्या महिन्यात हेच विचारले, आणि पाठोपाठ, ''मावशी, हातावर घेता येईल ना गं?'' असा दुसरा प्रश्नही आला. तिला जे सविस्तर सांगितले ते इथे लिहून ठेवते आहे, कारण आपल्या इंदूरसारख्या शहरात हा प्राणी पाळणारे आता भेटू लागले आहेत, परंतु त्याची निवड मात्र बहुतेक वेळा रंग पाहून केली जाते.

विषदंत सगळ्याच टॅरंट्युलांना असतात आणि वेळ आली तर त्यातला कोणीही चावू शकतो. शांत जात मी तिला म्हणते, जी धोका वाटल्यावर आधी जागीच थबकते, मग बाजूला सरकते, मग बिळात शिरते, आणि हे सगळे उपाय संपल्याशिवाय पुढचे पाय उचलत नाही. अशा जातीकडून पाळणाऱ्याला वेळ मिळतो. तिच्या हालचालीवरून तिची मनःस्थिती वाचता येते आणि डब्यातून हात वेळीच बाहेर काढता येतो. माणसाचा लळा लागण्याइतका या प्राण्याचा मेंदू नाही. त्याला आठ डोळे असले तरी दृष्टी अधू असते आणि जग त्याला कळते ते मुख्यतः पायांवरच्या केसांनी टिपलेल्या कंपनांतून. त्यामुळे 'सवयीने माणसाळेल' या आशेवर तापट जात विकत घेऊ नये.

टॅरंट्युलांचे पाळणाऱ्याच्या दृष्टीने दोन मोठे गट पडतात. अमेरिका खंडांतल्या बहुसंख्य जातींच्या उदरावर बारीक, काटेरी केसांचा पट्टा असतो. त्रास झाला की हा कोळी मागच्या पायांनी उदर भराभर घासतो आणि ते केस हवेत उडतात. त्वचेवर पडले तर खाजकुइलीच्या कुसळांसारखी आग होते, आणि डोळ्यांत गेले तर मात्र दुखणे गंभीर असते, ते बुबुळात रुतून बसू शकतात. आशिया आणि आफ्रिकेतल्या जातींकडे हे शस्त्र नसते, म्हणून त्या वेग आणि विष यांवर विसंबतात. टॅरंट्युलाच्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही, हे खरे. तरीही भारत आणि श्रीलंकेत आढळणाऱ्या पोइसिलोथेरिया प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) कोळ्यांच्या दंशानंतर स्नायूंत तीव्र पेटके येतात आणि ते कित्येक दिवस छळतात. नवख्याने पहिला कोळी अमेरिकेकडच्या जातींतूनच घ्यावा असे मी ठामपणे म्हणते ते यासाठी.

भाचीचे मन आधी बसले होते ते आंध्र प्रदेशातल्या गुत्तीच्या निळ्या टॅरंट्युलावर, म्हणजे पोइसिलोथेरिया मेटालिकावर. मन बसावे असाच तो आहे. १८९९ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी या जातीचे वर्णन केले ते गुत्तीला सापडलेल्या नमुन्यावरून. त्यानंतर शंभर वर्षे ती कोणाच्या दृष्टीस पडली नाही आणि २००१ मध्ये पूर्व घाटातल्या जंगलात पुन्हा सापडली. शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत ती तग धरून आहे आणि अतिसंकटग्रस्त जातींत तिची गणना होते. २०१९ पासून संपूर्ण पोइसिलोथेरिया प्रजाती साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला लगाम घालणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. झाडाच्या ढोलीत राहणारा, विजेसारखा पळणारा, जहाल विषाचा हा कोळी नवख्याच्या घरात येऊच नये. आपल्या देशातला म्हणून त्याच्याबद्दल जे प्रेम वाटते ते जंगल राखण्याच्या कामी यावे.

आता शांत जातींकडे वळते. माझी पहिली पसंती 'कर्ली हेअर'ला, म्हणजे ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोससला आहे. मध्य अमेरिकेतली ही जात रंगाने साधी, तपकिरी, अंगभर कुरळे सोनेरी केस असलेली. चित्रात पाहून कोणी हरखून जाईल अशी नव्हे. पण ती खाण्यापिण्याला चोख, वाढीला बऱ्यापैकी वेगवान आणि हवामानातले चढउतार सोसणारी आहे. माझ्याकडे हीच जात आहे. रात्री पाण्याची वाटी बदलताना मी आधी मऊ कुंचल्याने तिच्या मागच्या पायाला हलकेच स्पर्श करते. मादी जागी असेल तर तो पाय जरासा आक्रसून घेते, दोन-तीन पावले पुढे टाकते आणि कोपऱ्यात पाय पसरून पुन्हा स्थिर होते. पुढचे पाय न उचलता, केस न उडवता, ती जणू जागा करून देते. हीच कृती भुकेच्या वेळी केली तर मात्र ती गर्रकन वळून कुंचल्यावर झडप घालते, कारण हललेली वस्तू तिला भक्ष्य वाटते. स्वभाव शांत असला तरी कुंचला आधी आणि हात नंतर हा क्रम म्हणूनच कधी मोडू नये.

दुसरी तितकीच चांगली जात 'चाको गोल्डन नी', ग्रामोस्टोला पुल्क्रिपेस. पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या गवताळ चाको प्रदेशातला हा दांडगा कोळी पाय पसरल्यावर वीस सेंटिमीटरपर्यंत भरतो, आणि इतका मोठा असूनही हालचालीत संथ असतो. त्याच प्रजातीतला, मखमली काळा ग्रामोस्टोला पुल्क्राही स्वभावाने फार गुणी. पण वाढ अतिशय मंद असल्याने मोठी मादी महाग पडते आणि छोटे पिल्लू आणले तर वर्षानुवर्षे धीर धरावा लागतो. 'चिलियन रोज'ची ख्याती सर्वांत जुनी. ही जात एके काळी चिलीच्या रानातून मोठ्या प्रमाणावर पकडून जगभर विकली गेली, आणि पुस्तकांत तिला नवख्यांसाठी आदर्श म्हटले जाई. मला ती तेवढी भरवशाची वाटत नाही. तिच्यात एखादी अगदी मवाळ निघते, तर दुसरी डब्याचे झाकण उघडताच पुढचे पाय उभारते; शिवाय ती महिनोन् महिने, कधी वर्षभरही, काही न खाता राहते आणि पाळणारा विनाकारण धास्तावतो.

मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याकडची 'रेड नी' सगळ्यांना ठाऊक असते. दुकानांत त्या एकाच नावाखाली दोन जाती येतात, ब्रॅकिपेल्मा हॅमोरी आणि ब्रॅकिपेल्मा स्मिथी. २०१७ मध्ये त्यांतला फरक नीट मांडला गेला. दोन्ही देखण्या आणि सहसा न चावणाऱ्या, पण केस उडवण्यात उत्साही, विशेषतः लहान वयात. घरात दम्याचा किंवा डोळ्यांच्या ॲलर्जीचा रुग्ण असेल तर मी ही जात सुचवत नाही. 'पिंक टो' ही झाडावर राहणारी जात स्वभावाने गोड असली तरी ती उडी मारते, आणि तिला ओलावा व खेळती हवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत तिचा ओलावा टिकत नाही, आणि तो टिकवायला डबा बंद ठेवला तर कोंदटपणाने ती दगावते.

माळव्याची हवा निवडीत धरलीच पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत इंदूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि माळव्याच्या गार रात्रींची जुनी ख्याती असली तरी सिमेंटच्या घरात गच्चीखालची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहते. या जातींना चोवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सियस मानवते. तिशी ओलांडली तरी त्या काही काळ सोसतात, पण बंद डब्यावर ऊन पडले तर अर्ध्या तासात खेळ आटोपतो. डबा तळमजल्यावरच्या, उत्तरेकडच्या भिंतीलगत ठेवावा. नारळाच्या भुशाचा थर जाड द्यावा म्हणजे कोळी खोल उकरून गारव्याला बसतो, आणि पाण्याची वाटी कधीही कोरडी पडू देऊ नये. कूलरची ओली हवा थेट डब्यावर सोडू नये. कर्ली हेअर आणि चाको या दोन जाती हे सारे निभावून नेतात, म्हणूनच त्या माझ्या यादीत वर आहेत.

उन्हाहूनही मोठा धोका कीटकनाशकांचा आहे, आणि तो कोणी सांगत नाही. मच्छर मारायची अगरबत्ती, विजेवर लावायची द्रवाची कुपी, वाळवीची फवारणी, पावसाळ्यात गल्लीतून फिरणारी धुराची गाडी, या सगळ्यांत कीटकांच्या नसांवर काम करणारी औषधे असतात आणि कोळ्याच्या नसाही त्यांना तशाच बळी पडतात. विषबाधा झालेल्या कोळ्याचे पाय थरथरतात, चाल लडखडते, आणि त्यावर घरी करण्याजोगा इलाज नाही. ज्या खोलीत टॅरंट्युला आहे तिथे मच्छरदाणी लावावी. धुराची गाडी येण्याआधी खिडक्या लावून घ्याव्यात. याच कारणाने घरात पकडलेले झुरळ त्याला कधी घालू नये, त्याने आधी कोणते औषध चाटले असेल याचा भरवसा नसतो. पैदास केलेले रातकिडे किंवा मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) हेच खाद्य योग्य. मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा दिले तरी भागते. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (चित्ररथांच्या मिरवणुका) आणि दिवाळीचे फटाके या दिवसांत डबा स्पीकर आणि रस्त्याकडच्या भिंतीपासून दूर हलवावा, कारण ढोलाचा प्रत्येक ठोका त्याच्या पायांना जाणवतो आणि शांत जातही अशा रात्री केस उडवू लागते.

जात ठरली तरी समोरचा नेमका कोळी पाहून घ्यावा लागतो. उदराच्या मागच्या बाजूला टक्कल पडलेले दिसले तर त्याने वारंवार केस उडवले आहेत, म्हणजे त्याला त्रास होतो आहे किंवा तो स्वभावानेच चिडका आहे. उदर सुरकुतलेले, आणि पाय शरीराखाली मुडपून घेतलेले असतील तर शरीरातले पाणी आटले आहे. असा कोळी दया येऊनही घेऊ नये, निदान पहिला म्हणून तरी नाही. पुढच्या पायांवर आकड्यासारखे उंचवटे आणि तोंडाजवळच्या छोट्या पायांच्या टोकाला फुगीर गाठी असल्या तर तो वयात आलेला नर आहे. असे नर स्वस्तात मिळतात, कारण त्यांचे आयुष्य काही महिन्यांचे उरलेले असते. मादी मात्र रेड नीसारख्या जातीत वीस-पंचवीस वर्षेही जगते. बारावीत शिकणाऱ्या मुलीने मादी घेतली तर ती तिच्या लग्नानंतरही असणार आहे, आणि ती कोण सांभाळणार याचे उत्तर आजच आईवडिलांसमोर द्यायला हवे, असे मी भाचीला सांगितले. तिच्या आईने हे ऐकून आमच्या दोघींकडे बराच वेळ पाहिले; पण परवानगी दिली.

हातावर घेण्याबद्दल माझे उत्तर 'नाही' असेच आहे. जमिनीवर राहणाऱ्या या जड जातींचे उदर नाजूक कातड्याचे असते आणि कमरेइतक्या उंचीवरून पडले तरी फुटते. शांत कोळी हातावर दहा वेळा स्वस्थ बसेल आणि अकराव्यांदा पंख्याच्या वाऱ्याने दचकून पळेल. याच कारणाने डब्याची उंचीही जास्त नसावी. भुशापासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपट पुरे. कात टाकताना तो पाठीवर उताणा पडतो, तेव्हा मेला समजून त्याला हलवू नये, आणि कात टाकल्यावर पांढरे पडलेले विषदंत पुन्हा काळे होईपर्यंत खाद्य घालू नये, कारण त्या दिवसांत रातकिडाच त्याला चावून इजा करू शकतो.

कागदपत्रांचा भाग दुर्लक्षू नये. ब्रॅकिपेल्मा स्मिथी १९८५ पासून आणि पुढे दहाएक वर्षांत ती संपूर्ण प्रजातीच साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. कर्ली हेअर तेव्हा त्याच प्रजातीत गणली जात असे, आणि नाव बदलले तरी ते संरक्षण तिला लागू आहे. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) सुधारणा अधिनियम, २०२२ हा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि साइट्सच्या यादीतले प्राणी त्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. अशा जिवंत प्राण्याची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० या संकेतस्थळावर करावी लागते, आणि त्याची पिल्ले झाली किंवा तो मेला तरी कळवावे लागते. म्हणून विक्रेत्याकडून मालकी-हस्तांतरणाचा कागद आणि प्राणी बंदिवासात जन्मल्याचा पुरावा मागावा. 'कागद नंतर पाठवतो' असे उत्तर मिळाले तर व्यवहार तिथेच थांबवावा. रानातून उचललेला कोळी बहुधा अशाच वाटेने येतो, आणि त्याचा स्वभावही बंदिवासात वाढलेल्या कोळ्याइतका स्थिर नसतो.

भाचीने शेवटी कर्ली हेअरचे पिल्लू घ्यायचे ठरवले आहे. एका विक्रेत्याने कागदाशिवाय लगेच पाठवण्याची तयारी दाखवली, त्याला तिने स्वतःच नकार कळवला. दुसऱ्याकडची कागदपत्रे यायची आहेत. तोवर तिने खोलीतली मच्छरांची कुपी काढून मच्छरदाणी लावली आहे, आणि उन्हाळा सरून पहिले चार पाऊस पडल्याशिवाय पार्सल मागवायचे नाही, एवढे आमचे ठरले आहे.