त्या रात्री मी जेवलो, मॅडम

लोकलच्या मोटरमनने ब्रेक मारला म्हणजे गाडी थांबली असं नसतं, हे मला माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या एका मोटरमन काकांमुळे कळलं. वेगात असलेली बारा डब्यांची गाडी इमर्जन्सी ब्रेक लावला तरी काहीशे मीटर पुढे जाऊनच थांबते, आणि तेवढा वेळ समोरच्या काचेतून बघत राहण्याशिवाय माणसाच्या हातात काही नसतं. गाडीखाली असा माणूस येण्याला ते रनओव्हर म्हणतात. नोकरीत असे कितीतरी झाले, हे त्यांनी पहिल्या भेटीत टाइमटेबल वाचून दाखवावं तसं सांगितलं. (मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. हे लिहायला काकांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

शेवटच्या रनओव्हरने मात्र त्यांना सोडलं नव्हतं. संध्याकाळ, पाऊस, वायपर चालू, आणि रुळातल्या माणसाने ऐनवेळी मान वर करून बघितलं. तेव्हापासून झोप नाही, घरात चिडचिड, आणि काकू म्हणाल्या की टीव्ही बघता बघता यांचा हात मध्येच ब्रेक ओढल्यासारखा झटका मारतो, यांना पत्ताही नसतो. रात्री झोपण्यासाठी दोन पेग. घरच्यांनी देवदर्शन करवून आणलं, साहेबांनी सुट्टी दिली, आणि सगळेजण म्हणाले, विसरून जा आता.

विसरणं हा उपायच नाही ना पण. धोका दिसला की मेंदूतला अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग विचार करण्याआधीच शरीराला पळायला लावतो, घटनेवर कुठे-कधीचा शिक्का मारायचं काम हिप्पोकॅम्पसचं, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स सांगतो की शांत हो, संपलं ते. प्रचंड ताणात हा शिक्का नीट बसत नाही. म्हणून पाऊस, वायपरचा आवाज, असलं काहीही आलं की आठवण येत नाही, ती घटनाच आत्ता घडतेय असं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना की ट्रॉमाने मेंदू आक्रसतो, ते इतकं सरळ नाहीये. व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि युद्धावर कधीच न गेलेले त्यांचे जुळे भाऊ यांचा 2002 साली अभ्यास झाला, तर गंभीर पीटीएसडी (आघातानंतर न सुटणारा असा मानसिक त्रास) असलेल्या सैनिकांच्या, युद्धावर न गेलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान निघाला. म्हणजे काही जणांची घडण आधीपासूनच नाजूक असू शकते. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे मी कमजोर नाही, मॅन्युफॅक्चरिंगच तसं आहे. पहिल्यांदा हसले त्या दिवशी.

आम्ही प्रोलाँग्ड एक्सपोजर ही थेरपी करत होतो. डोळे मिटून घटना पुन्हा सांगायची, वर्तमानकाळात, आत्ता घडतेय अशी, ती रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची. क्रूर वाटतं, मलाही शिकताना वाटलं होतं, पण टाळत राहिलं तर मेंदूला कळणार कसं की आठवण चावत नाही.

तर तो दिवस. त्याआधी ते दरवेळी गाडी थांबली इथे थांबायचे. मी म्हटलं काका, आज पुढे जाऊया, ड्यूटी संपली, मग? मला वाटत होतं की अडकलंय ते त्या नजरेत. ते बोलत गेले, लॉबीत (ड्यूटीची सही करायच्या खोलीत) आलो, सही केली, घरी आलो, हात धुतले, पुन्हा धुतले, हिने ताट वाढलं. मग बराच वेळ गप्प. मग घाम, आणि हात पुन्हा तसाच ओढला गेला, माझ्यासमोर पहिल्यांदा. मग म्हणाले, "मॅडम, मी जेवलो हो त्या रात्री. पोटभर जेवलो. मटण होतं. परत मागून घेतलं."

आणि रडायला लागले ते थांबेनात. समोर माणूस गेला आणि आपण मागून मागून खाल्लं, म्हणजे आपण माणूस उरलोच नाही, हे ते मनात घेऊन फिरत होते आणि कुणाला, काकूंनासुद्धा, सांगितलं नव्हतं. मी पुस्तकातलंच सांगितलं खरं तर. अ‍ॅड्रेनालिनच्या लाटेत भूक मरते, ती ओसरली की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन रेंगाळतं आणि शरीर जोरात खायला मागू शकतं. त्यात निर्दयपणा काही नाही. पण ते पुढे बसून ऐकत होते, शाळेतल्यासारखे दोनदा विचारून घेतलं, म्हणजे ते शरीराने केलं?

त्यानंतर सगळं फटाफट सुटलं असं अजिबात नाही. त्या आठवड्यात झोप उलट बिघडली, हे होतं, आधी सांगून ठेवावं लागतं. सायकियाट्रिस्टनी सर्ट्रालीन हे नैराश्य आणि पीटीएसडीवरचं औषध चालू केलं, पेग बंद करायला जास्त वेळ लागला. कुणाला ईएमडीआर (डोळे इकडून तिकडे हलवत आठवणीवर काम करायची थेरपी) लागू पडतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013च्या सूचनांत तेही आहे. आणि सगळ्यांना थेरपी लागतेच असंही नाही, बरेच जण घरच्यांच्या आधाराने सावरतात, पण महिना उलटूनही हे चालूच असेल तर दाखवावं, निदान 14416 या टेली मानसच्या सरकारी नंबरवर फोन तरी करावा.

काका रेल्वेच्या डॉक्टरांकडून फिट होऊन पुन्हा गाडीवर गेले. पावसात अजून खांदे आखडतात म्हणतात, पण हात जागेवर असतो. मध्ये त्यांच्याच लॉबीतला एक तरुण मोटरमन माझ्याकडे यायला लागला, काकांनीच पाठवलेला, आणि पाठवताना दमही दिलेला की मॅडमकडे जाताना पिऊन जायचं नाही आणि जेवून जायचं.