पेटी न नेता घेतलेला पाठ

मंगळवार, रात्री

आज सहावीवर माझा शिक्षक-प्रशिक्षणातला सराव पाठ होता. घटक : समूहगीत. पाठाच्या टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात मी नेहमीसारखं ‘हार्मोनियम’ लिहिलं होतं. कॉलेजच्या मॅडमनी सही करता करता तो शब्दच खोडला. म्हणाल्या, “आज पेटी राहू दे इथंच.”

मी पेटीवरच वाढलोय. गावच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगायचा आणि मंडळींनी ‘उपासना संगीत’ची पानं उलटेपर्यंत माझा सूर लागलेला असायचा. त्यामुळे नगरला आलो तेव्हा मला वाटत होतं, संगीत तर येतंच, आता फक्त शिकवण्याचा कागद मिळवायचा.

रिकाम्या हातानं वर्गात गेलो. पांढरी दोनचा (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा लावला आणि म्हटलं, “म्हणा.” बऱ्याचशा मुलींनी तो आपोआप वरच्या सप्तकात उचलला. मुलगे मात्र माझ्या जाड आवाजाला मिळायला गेले. अकरा-बारा वर्षांचा गळा तेवढा खाली उतरतो कुठं? नुसती घरघर ऐकू आली. पेटी जोरात चालू असती तर ही घरघर मला कळलीच नसती, वर्ग सुरात आहे असं समजून मी पुढच्या ओळीवर गेलो असतो.

मॅडमनी मागच्या बाकावरून बोट वर केलं. मग मी आवाज पातळ करून मुलांच्याच सप्तकात सा लावला. वर्ग खो-खो हसला. हसू दे! त्या हसण्यातच खिडकीकडचे तिघं-चौघं बरोबर सुरावर येऊन बसले. पुरुष शिक्षकानं लहान मुलांना सूर देताना त्यांच्या सप्तकात जावं, हे पुस्तकात वाचलं होतं, पण तेव्हा ते मला जरा हास्यास्पदच वाटलं होतं.

मग हातांच्या खुणा. मूठ म्हणजे सा. तळहात तिरका वर म्हणजे रे. आडवा, जमिनीकडे म्हणजे ग. मध्यमाला अंगठा खाली, पंचमाला तळवा आपल्या छातीकडे. मुलांना हा खेळच वाटला. मी तोंडानं काहीच न म्हणता खुणा करत गेलो आणि ती गात गेली. सा-ग-प छान आलं. मध्यमावर गाडी घसरली, ती घसरतेच.

या खुणांचा उगम इतिहासाच्या तासाला कळला तेव्हा मी सावरून बसलो होतो. जॉन कर्वेन हा इंग्लंडमधला पाळक. १८४१ मध्ये त्याच्यावर काम आलं की संडे स्कूलच्या मुलांना गाणं शिकवण्याची सोपी रीत शोधून काढ. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची पद्धत त्यानं घेतली, वाढवली, पुढे खुणा जोडल्या. नंतर हंगेरीचा संगीतकार कोडाय यानं त्या खुणा आपल्या पद्धतीत घेतल्या. त्यांचा ‘दो’ आपल्या सासारखाच, कुठल्याही पट्टीवर बसणारा. म्हणून भातखंड्यांच्या स्वरलिपीवर (सा-रे-ग अक्षरांत गाणं लिहिण्याच्या रीतीवर) वाढलेल्या माझ्या वर्गमित्राला आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणाऱ्या वसईच्या मुलीला एकाच मुठीत सा दाखवता येतो. या कॉलेजात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

न आवडलेलीही एक लिहून ठेवतो. गायनवृंदाच्या तासाला परवा ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा एक अभंग चार आवाजांत बसवला. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, सगळं रीतसर. आमच्या गावात तो भीमपलास रागाच्या अंगानं म्हणतात. खाली तीन आवाजांनी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरले की कोमल गंधाराला हलायला जागाच उरत नाही, तो खुंटीला बांधलेल्या वासरासारखा तिथंच उभा. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यानंतर नगरला राहून त्यांनी शिकवलं, लिहिलं. भजन-कीर्तनाच्या वळणानं भक्ती करता यावी म्हणूनच त्यांनी ही गीतं रचली ना? इंग्रजी चालीची गीतं चार आवाजांत जरूर गावीत, ती तशीच बांधलेली असतात आणि मला ती मनापासून आवडतात. अभंगाला एकच ओळ, टाळ आणि झेपेल तेवढी आलापी पुरे. हे मी तासाला बोललो. सर म्हणाले, “पटवून दे, लेखी दे.” देणार आहे.

पेटीबद्दल मात्र मी मॅडमच्या बाजूला पूर्ण गेलेलो नाही. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला बंदी केली होती. तिच्यावर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही, तिचा गंधार तंबोऱ्याच्या गंधाराहून थोडा चढाच असतो, हे सगळं कबूल. पण चर्चमध्ये शंभर माणसं एका सुरावर आणायची तर मला पेटीच हवी. वर्गाची गोष्ट वेगळी. तिथं मला प्रत्येक पोराचा आवाज ऐकायचाय.

संध्याकाळी पप्पांचा फोन. “संगीताच्या मास्तरची जागा निघते का रे कुठं?” क्वचितच निघते. बऱ्याच शाळांत गायनाचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग पुरा करायचा तास. मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, बघ.

शुक्रवारी पुन्हा तोच वर्ग. टाचण असं : सुरुवातीला पाच मिनिटं नुसत्या खुणा, मध्यमाला दुप्पट वेळ. खिडकीकडच्या पोरांपैकी एकाला पुढं बोलावून खुणा त्याला करायला लावायच्या, मी मागच्या बाकावर. साहित्य : तंबोऱ्याचं ॲप, बारका स्पीकर. मोबाइल गुरुवारी रात्रीच चार्जिंगला लावायचा, कारण शाळेत वर्गातल्या बोर्डाला वीज नसते.