तुम्ही विचारलंत म्हणून : बँडमध्ये मोठा कोण, लिहिणारा की गाणारा?

गिटार शिकायला येणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. बँड काढायचं ठरलं की जरा जास्तच. चौघांतल्या एकाला वाटत असतं की गाणी माझी आहेत, दुसऱ्याला वाटत असतं की लोक माझ्या आवाजासाठी येणार, आणि निवाडा करायला मी सापडतो. माझं उत्तर ठरलेलं आहे : लिहिणारा. पण त्या उत्तराला एक शेपूट आहे, आणि ते क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची गोष्ट सांगितल्याशिवाय नीट कळत नाही.

क्वीनच का? तर या बँडचं नाव काढलं की लोकांना एकटा त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आठवतो. आपल्याकडे तर त्याच्याबद्दल घरचं असल्यासारखं प्रेम, कारण १९४६ साली झांझिबारला पारशी घरात जन्मलेला हा फारुख बलसारा शिकला आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्समध्ये. गंमत म्हणजे शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानोवर असायचा. पुढे उभा राहून गाणारा मुलगा वेगळाच होता.

आता १३ जुलै १९८५ चा लाइव्ह एडचा, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेला कार्यक्रम घ्या. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर क्वीनने वीसेक मिनिटांत सहा गाणी केली. त्यातली तीन फ्रेडीची. ‘हॅमर टू फॉल’ आणि ‘वुई विल रॉक यू’ गिटार वाजवणाऱ्या ब्रायन मेची. आणि ज्या गाण्यावर अख्ख्या मैदानाने हात वर करून एका तालात टाळ्या दिल्या, ते ‘रेडिओ गा गा’ ड्रमर रॉजर टेलरचं. हे सांगितलं की मुलं माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांच्या लेखी ते फ्रेडीचंच गाणं असतं, आणि त्यांचं पूर्ण चुकतं असंही मी म्हणणार नाही.

माझा लाडका मात्र चौथा, जॉन डीकन. बेस गिटार वाजवायचा, कडेला उभा असायचा, आणि गाण्याच्या वाटेला म्हणून जायचा नाही. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. कचऱ्यात टाकून दिलेलं एक सर्किट उचलून त्याने एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि ब्रायन मेने तो वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला वापरला. या डीकनने १९७५ साली बायकोसाठी ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ लिहिलं. त्याला त्यात इलेक्ट्रिक पियानो हवा होता. फ्रेडीला त्या वाद्याचा आवाजच आवडत नव्हता, त्याने वाजवायला नकार दिला. डीकनने वाद्य घरी नेलं, शिकला आणि स्वतःच वाजवलं. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ही त्याचंच, १९८० साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्वतः न गाणारा माणूस बँडला त्याची सर्वांत खपाऊ गाणी देतो, यापेक्षा मोठा पुरावा मला तरी लागत नाही.

खरं तर आपल्याला याचं नवल वाटू नये. आकाशवाणीवर भावगीत लागायचं तेव्हा गीत कोणाचं, संगीत कोणाचं, स्वर कोणाचा, हे रांगेने सांगायचे. गदिमांनी स्वतः गावं अशी अपेक्षा कोणी केली नाही. पण आपला कवी कविता देऊन मोकळा. बँडमधला लिहिणारा त्याच स्टेजवर, गायकापासून दोन पावलांवर उभा असतो आणि लोक दुसऱ्याच्याच नावाने ओरडताना रोज ऐकतो. मग धुसफूस होणारच.

त्यात पैशाची भर. रॉयल्टीचा मोठा वाटा लिहिणाऱ्याच्या नावावर जातो. अमेरिकेत तर साध्या रेडिओवर गाणं वाजलं की लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ फ्रेडीचं, पण त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलरचं ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’ होतं. मागची बाजू कोणी लावो न लावो, प्रत्येक प्रतीमागे टेलरलाही फ्रेडीइतकीच रॉयल्टी. ते गाणं तिथे जावं म्हणून तो कपाटात कोंडून घेऊन बसला होता असं सांगतात. अशा कटकटी साचत गेल्या, आणि १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून चौघांनी ठरवलं की कोणीही लिहो, श्रेय क्वीनचं. माझ्या मते त्यांनी घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय, फक्त फार उशिरा घेतलेला.

आता शेपूट.

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. डीकन १९९७ पासून बँडपासून दूर झाला. पण मे आणि टेलर आहेत, आणि दोघेही जातिवंत लिहिणारे. माझं उत्तर सरसकट खरं असतं तर नवा गायक घेऊन त्यांची गाणी पुढे यायला हवी होती. २००८ साली पॉल रॉजर्सला घेऊन त्यांनी ‘द कॉसमॉस रॉक्स’ हा अल्बम काढलाही. फ्री आणि बॅड कंपनी या बँडचा गायक रॉजर्स ऐरागैरा नव्हे, पण त्यातलं एक गाणं गुणगुणून दाखवा म्हटलं तर क्वीनचे कट्टर भक्तही अडखळतात. पुढे अ‍ॅडम लॅम्बर्ट आला. स्टेडियम भरतात, तो गातोही फक्कड, पण सगळी जुनी गाणी. त्याच्याबरोबर नवा स्टुडिओ अल्बम झालाच नाही.

उलट एसी/डीसी हा ऑस्ट्रेलियन रॉक बँड बघा. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. शब्दही बरेचसे तोच लिहायचा. तरी जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ आला आणि जगभर खपला. कारण त्यांचं गाणं उभं असतं यंग बंधूंच्या गिटारच्या रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर. क्वीनचं गाणं चालीवर उभं असतं, आणि ती चाल एका विशिष्ट गळ्याच्या भरवशावर बांधलेली असते. ‘द शो मस्ट गो ऑन’ मुख्यतः ब्रायन मेचं. नमुन्याला त्याने ते खोट्या, वर ताणलेल्या आवाजात (फॉल्सेटोत) कसंबसं गाऊन ठेवलं होतं, कारण त्याच्या गळ्याला ते झेपणारं नव्हतंच. फ्रेडी तेव्हा आजाराने खंगलेला, त्याला तरी जमेल का अशी ब्रायनला शंका होती. फ्रेडीने वोडकाचा घोट घेतला आणि गायला, असं मेनेच सांगितलंय. स्वतःला गाता येणार नाही अशी चाल लिहायची हिंमत कोणाला होते? ज्याच्या शेजारी ती गाणारा उभा आहे त्याला. तो शेजारी गेला आणि तसं लिहिणंही थांबलं.

ओएसिस या गॅलाघर भावांच्या ब्रिटिश बँडचं विचाराल तर तिथे माझं मूळ उत्तर चालतं, थोडक्यात. नोएल लिहिणार, लिअम गाणार. १९९६ साली लंडनला झालेल्या एमटीव्हीच्या अनप्लग्ड (विजेच्या वाद्यांशिवायच्या) कार्यक्रमात लिअम गायला उभाच राहिला नाही, वर बाल्कनीत बसला. नोएलने सगळं गाऊन कार्यक्रम निभावला. २००९ ला भाऊ वेगळे झाल्यावर लिअमने बीडी आय हा बँड काढला, तो पाच वर्षांत मिटला. २०२५ मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले तेव्हा गायली गेली ती नोएलची जुनी गाणी. अर्थात नोएल एकटा असताना एवढी गर्दी होत नव्हती, हे लिअमवाले मला लगेच ऐकवतात.

तर बँड काढणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. रेकॉर्डिंगच्या आधी श्रेय कसं वाटायचं ते ठरवून टाका, पहिलं गाणं चाललं की मग बोलणं अवघड होतं. आणि लिहिणाऱ्याने गाणाऱ्याची पट्टी आधी विचारावी. परवा एका पोराने फार सुंदर चाल बांधून आणली, अंतरा थेट तारसप्तकात. गाणारी मुलगी पांढरी चारची, म्हणजे खालच्या पट्टीची. आता एकतर चाल खाली आणायची, नाहीतर दुसरी गायिका शोधायची, आणि दोघंही मला विचारतायत काय करू. मी म्हटलं, चाल खाली आणा.