माऊंट टॅमवरचं नाटक: आई-बाबांना घेऊन काढलेला एक रविवार

बाबा सांगलीहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले की चौथ्या दिवशी विचारतात, "नाटक बघायला कुठे जाता गं तुम्ही?" इथल्या मराठी मंडळाचे प्रयोग वर्षातून एखाद-दोन, आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या थिएटरांच्या तिकिटाचे रुपये करून झाले की ते स्वतःच नको म्हणतात. यंदा ते जूनमध्ये होते, म्हणून त्यांना माऊंट टॅमलपायसवरचं 'माऊंटन प्ले' दाखवायचं ठरवलं. डोंगरावर, उघड्यावर, दुपारी दोन वाजता, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "भर उन्हात नाटक? म्हणजे जत्राच की!" जाऊन आल्यावर मला तीच तुलना सगळ्यात बरोबर वाटते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या उत्तरेला मरीन काउंटीत हा डोंगर आहे. सगळ्यात उंच टोक २५७१ फूट, पण नाटकाची जागा त्याखाली, साधारण २००० फुटांवर. मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत, बहुतेक रविवारी, एकाच संगीतिकेचे प्रयोग होतात. नाटक दरवर्षी बदलतं, त्यामुळे आम्ही कुठलं पाहिलं हे सांगण्यात अर्थ नाही. तिकिटं मात्र लवकर काढा. मी शेवटच्या आठवड्यात काढली आणि झाडांची सावली पडणाऱ्या जागा तोवर संपल्या होत्या. मधल्या भागात चार-पाच तास ऊन थेट डोक्यावर असतं. सत्तरीपुढचं कोणी बरोबर असेल तर आधी सावली बघा, रंगमंच किती जवळ ते नंतर.

आम्ही नऊला निघालो. वर गाडी नेता येते, पण पार्किंग थोडं आणि रस्ता अरुंद. त्यापेक्षा गाडी पायथ्याच्या मिल व्हॅली गावात लावून शटल बसने जावं. बस कुठून आणि कधी सुटते ते तिकिटाबरोबर आलेल्या सूचनांमध्ये वाचून घ्या, आणि हे घरीच करा, कारण वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. मी तिकिटांचा स्क्रीनशॉट काढला नव्हता. दाराशी फोन उंच धरून गोल-गोल फिरणारी बाई म्हणजे मी. शेवटी नवऱ्याच्या फोनमध्ये जुनी ईमेल उघडी सापडली म्हणून सुटलो. बस वळणं घेत चढते. आईने पर्समधून आवळा सुपारी काढली, स्वतः घेतली आणि न विचारता सगळ्यांना वाटली. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं.

बस थांबते तिथून थोडं चालून झाडीतून बाहेर आलात की पायांखाली एकदम दगडी पायऱ्यांची वाटी उघडते. सुमारे ४००० माणसं बसतील एवढी. पायऱ्यांच्या तळाशी रंगमंच, त्यामागे झाडं, झाडांमागे सरळ सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर. हवा स्वच्छ असली तर पलीकडे माऊंट डायब्लोही दिसतो. बाबा बराच वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, "पडदा?" पडदा नाही. विंगा म्हणजे खरी झाडं. नट जंगलातून पळत येतात आणि जंगलातच नाहीसे होतात.

सुरू व्हायला दोन तास होते, तेवढ्यात त्यांना जागेचा इतिहास सांगितला. डोंगरात भटकणाऱ्या काही मंडळींना ही नैसर्गिक वाटी दिसली आणि इथे नाटक व्हायला हवं असं वाटलं. त्यांच्यात गार्नेट होम हा दिग्दर्शक होता. १९१३ च्या मेमध्ये त्याने इथे बायबलमधल्या अब्राहम आणि आयझॅकच्या गोष्टीवरचं नाटक केलं. तेव्हा दगडी पायऱ्या नव्हत्या, लोक गवतावर बसले. काही चालत चढले, काही रेल्वेने आले. होय, या डोंगरावर रेल्वे होती! १८९६ ते १९३०, तब्बल २८१ वळणांची. जगातली सगळ्यात वाकडी रेल्वे अशी तिची जाहिरात करत. माथेरानची गाडी आठवा. टॅमवरच्या या रेल्वेचा प्रमुख सिडनी कुशिंग, म्हणून आज या प्रेक्षागाराला त्याचं नाव आहे. पायऱ्या १९३० च्या दशकातल्या, महामंदीत बेकार तरुणांना काम देण्यासाठी काढलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरने बांधलेल्या.

"तेरा सालचं म्हणतेस?" बाबांनी मध्येच थांबवलं. "बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली ते वर्ष." हे मला सुचलं नसतं. तिकडे पुण्या-मुंबईत रेशमी शालू आणि अत्तरं, इकडे धुळीचे बूट घालून गवतावर बसलेले लोक. एकाच वर्षी. पुढचा अर्धा तास ते शेजारच्या अमेरिकन आजोबांना नारायणराव राजहंस समजावून सांगत होते. आजोबांना कितपत कळलं कोण जाणे, पण त्यांनी बाबांना चीज आणि द्राक्षं दिली आणि बाबांनी त्यांना थालीपीठ.

खाण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण अर्धा दिवस त्यातच जातो. दोनचा प्रयोग असला तरी लोक अकरा-बारापासून येऊन सतरंज्या पसरतात, वाइन उघडतात, टोप्यांच्या गमतीजमती चालतात. वर गेल्यावर काही विकत घेऊ असा विचार करू नका, डबा न्या. आमच्याकडे थालीपीठं, कोरडी बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि कोकम सरबत होतं. दही आणि ओल्या चटण्या टाळा, उन्हात टिकत नाहीत आणि मांडीवर सांडतात. पाणी माणशी दोन लिटर तरी हवंच.

दगडावर चार तास बसायचं, तेव्हा उशी अत्यावश्यक. घरच्या सोफ्याची चालेल, फक्त धुता येण्यासारखी आणा. पायऱ्या उंच-सखल आहेत आणि धरायला कठडा नाही. आईला उतरताना हात द्यावा लागला, आणि मध्यंतरात तिने टॉयलेटला जायचंच टाळलं. गुडघ्यांचं दुखणं असेल तर वरच्या बाजूच्या, वाटेजवळच्या जागा घ्या आणि काठी लाज न बाळगता आणा.

तिसरी घंटा नाही, अंधार नाही. बाबांना ते जरा खटकलं. भर उजेडात समोरचा नट आणि शेजारचा माणूस सारखेच दिसतात, त्यामुळे पहिली दहा मिनिटं नाटकात शिरायला अवघड जातं. आवाज माइकवर असतो, स्वच्छ ऐकू येतो. गाण्याच्या ऐन सुरावर एक गिधाड संथपणे रंगमंचावरून घिरटी घालून गेलं आणि चार हजार माना त्याच्यामागे वळल्या. गाणारी बाई हसली नाही, हे मला विशेष वाटलं. खरं सांगायचं तर प्रयोग नीटनेटका होता, थोर नव्हता. दुसऱ्या अंकात तो जरा लांबलाही. पण त्याच सुमारास समुद्राकडून धुकं चढायला लागलं, निम्मा उपसागर पुसला गेला, आणि नाटकातली संध्याकाळ आपोआप झाली. असा प्रकाशयोजनाकार पैसे देऊन मिळत नाही.

धुकं आलं की थंडी लगेच येते. दुपारी टोपी आणि सनस्क्रीन, पाचला जॅकेट. ही दोन्ही टोकं एकाच पिशवीत ठेवा. आमची जॅकेटं खाली गाडीत होती. बाबांनी सतरंजी पांघरली आणि शेवटचा प्रवेश तसाच पाहिला.

प्रयोग संपल्यावर बससाठी लांब रांग लागते. नवरा आई-बाबांना घेऊन रांगेत राहिला, मी आणि मुलगा (वय चौदा, सतत भुकेला) चालत उतरलो. पाय धड असतील तर हेच करा. प्रेक्षागारापासून रॉक स्प्रिंग ट्रेलने वेस्ट पॉइंट इनला यायचं. रेल्वेच्या प्रवाशांसाठी १९०४ साली बांधलेली ही इमारत अजून विजेशिवाय उभी आहे. तिथून पुढे मिल व्हॅलीपर्यंत जुन्या रेल्वेचाच रस्ता, रूळ काढलेला. गाडी चढायची म्हणून चढ बेताचा, त्यामुळे उतार गुडघ्यांना सोसतो. आम्हाला पावणेतीन तास लागले. जूनमध्ये उजेड साडेआठपर्यंत असतो, तरी पाकिटात छोटी बॅटरी असू द्या. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांची चकचकीत झुडपं दिसतील, तो पॉयझन ओक. हात लावू नका, अंगाला प्रचंड खाज सुटते. फुलपँट घाला.

मिल व्हॅलीच्या चौकात, पूर्वीच्या रेल्वे स्टेशनसमोर, आई-बाबा बाकावर बसून आमची वाट पाहत होते. उरलेली दोन थालीपीठं आईने मुलासाठी राखून ठेवली होती. बाबांच्या खांद्यावर अजून ती सतरंजीच. "इथून गाडी सुटायची ना?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता डोंगराकडे बघत बसले. धुक्यात तो दिसत नव्हता.